गर्दी कुणाची, दोष कुणाचा? थ्रॅश मेटलच्या मैदानातून काही प्रश्न

४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जणांचा चेंगरून मृत्यू झाला. आदल्या रात्री आयपीएल जिंकलेल्या संघाचा तो सत्कार होता. त्यानंतर महिनाभराने, ५ जुलैला, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात व्हिला पार्क मैदानावर सुमारे ४० हजार लोक दिवसभर जमले होते. ऑझी ऑस्बॉर्न आणि त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा तो निरोपाचा कार्यक्रम. त्या मंचावर मेटालिका, स्लेयर आणि अँथ्रॅक्स हे तीन बँड होते. थ्रॅश मेटल या प्रकारातले जे चार बँड सर्वांत मोठे मानले जातात, त्यातले हे तीन. कानठळ्या बसवणारे संगीत, एकमेकांवर आदळणारी तरुण पोरे, दिवसभराचा कार्यक्रम. आजारी ऑझी सिंहासनावर बसूनच गायला आणि २२ जुलैला गेला. कार्यक्रम संपला, लोक घरी गेले. चेंगराचेंगरी झाली नाही.

तुलना सरळ नाही, हे मान्य. व्हिला पार्कला तिकीट होते, बहुतेकांना ठरलेली जागा होती. बंगळुरूत प्रवेश फुकट असल्याचे समाजमाध्यमांवर जाहीर झाले आणि सुमारे ३५ हजार क्षमतेच्या स्टेडियमभोवती, खुद्द सरकारच्या म्हणण्यानुसार, दोन ते तीन लाख लोक आले. पण याच फरकात मुद्दा दडलेला आहे. आपल्याला शिकवले जाते की गर्दीचा स्वभाव असतो. अमुक लोक शिस्तीचे, तमुक लोक बेशिस्त. अमुक संगीत शांत, तमुक संगीत भडकावणारे. या समजुतीची परीक्षा घ्यायची तर जिथे सगळेच भडक दिसते, अशा ठिकाणापासून सुरुवात करावी. थ्रॅश मेटलची मैफल हे तसे ठिकाण आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांनी हे संगीत ऐकले नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्नियात, हेवी मेटलचा वजनदार आवाज आणि पंकचा वेग एकत्र करून काही पोरांनी हा प्रकार घडवला. मेटालिकाचा पहिला अल्बम १९८३ चा, स्लेयरचा सर्वांत गाजलेला १९८६ चा. पुढे जर्मनीतल्या रूर या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यातून क्रिएटर आणि सोडम आले, ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरातून सेपल्टुरा आला. गाण्यांचे विषय अणुयुद्ध, व्यसन, विकली गेलेली न्यायव्यवस्था, धर्माच्या नावाने चाललेला ढोंगीपणा. ताल इतका जलद की शरीर स्थिर ठेवणे अवघड. ज्यांनी जयंतीच्या मिरवणुकीत हलगीचा ठेका चढत जाताना पायांचे काय होते ते अनुभवले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

या मैफलीत मंचासमोर जो प्रकार चालतो त्याला मॉश पिट म्हणतात. वर्तुळाकार जागा मोकळी होते आणि तरुण त्यात एकमेकांच्या खांद्याला खांदा आदळत धावतात. कधी सगळे एकाच दिशेने गोल फिरतात. त्याला सर्कल पिट म्हणतात. कधी गर्दी मधोमध दुभंगते, दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहतात आणि गाणे फुटताच एकमेकांवर धावून जातात. टीव्हीवर पाहणाऱ्याला ही दंगल वाटते. दंगलीत आणि यात फरक असा की इथे कुणालाच कुणाला इजा करायची नसते आणि नियम सगळ्यांना पाठ असतात. कुणी पडला की आजूबाजूचे चार-पाच जण थांबतात, त्याला उचलतात, मग पुन्हा सुरू. कुणाचा चष्मा, चप्पल, मोबाइल सापडला की तो हात उंच करून दाखवायचा. ज्याला आत यायचे नाही त्याला ओढायचे नाही. कडेला धिप्पाड पोरे उभी राहतात आणि आतून उसळून येणाऱ्यांना छातीवर झेलून परत ढकलतात, म्हणजे मागच्या बारक्यांना धक्का बसत नाही. हे नियम कुठल्याही तिकिटावर छापलेले नसतात.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी या पिटचे व्हिडिओ तपासून २०१३ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की मॉश पिटमधल्या माणसांच्या गती बंद भांड्यातल्या वायूच्या रेणूंसारख्या असतात. प्रत्येक जण स्वतंत्र, दिशा अनिश्चित, टक्कर होते आणि दिशा बदलते. सर्कल पिट मात्र भोवऱ्यासारखा चालतो. आता वायू म्हटला की त्यात मोकळी जागा आलीच. धावायला, आदळायला, पडायला आणि पडलेल्याला उचलायला जागा लागते. म्हणजे जिथे सर्वांत जास्त धुमाकूळ दिसतो तिथे माणसांची दाटी आजूबाजूपेक्षा कमी असते.

खरा धोका असतो तो जिथे कुणीच हलत नाही तिथे. मंचासमोरच्या कठड्याला चिकटलेली पहिली रांग, बंद फाटकासमोरचा घोळका, जिन्याचे वळण. गर्दीचा अभ्यास करणारे अमेरिकन अभियंते जॉन फ्रुइन यांनी १९९३ मध्ये लिहून ठेवले आहे की एका चौरस मीटरमध्ये सात माणसे झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. मागचा एक धक्का लाटेसारखा पुढे जातो, माणसे जमिनीवरून उचलली जातात, आणि आपल्या मर्जीने कुणीच कुठे जाऊ शकत नाही. अशा वेळी माणसे तुडवली जाऊन मरतात त्यापेक्षा छाती दाबली जाऊन, श्वास न घेता आल्याने मरतात. अनेकदा उभ्याउभ्याच. इंग्रजीतला ‘स्टॅम्पीड’ हा शब्द उधळलेल्या गुरांवरून आला आहे. हिंदीतल्या ‘भगदड’मध्येही पळापळ आहे. मराठीतला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द त्या मानाने नेमका आहे, कारण त्यात पळणे नाही, दाबले जाणे आहे. तरी बातम्यांमध्ये ‘लोक सैरावैरा धावले’ हे वाक्य सवयीने येतेच. धावायला जागा असती तर ती माणसे मेली नसती.

आता भारतातलेच उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटालिका पहिल्यांदा भारतात आला. २८ तारखेला दिल्लीजवळ गुडगावला आणि ३० तारखेला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर असे दोन कार्यक्रम ठरले होते. गुडगावला दुपारपासून लोक मैदानात होते. मंचासमोरचा कठडा दाब सहन न होऊन मोडला. कार्यक्रम सुरूच होईना. मग तो उद्यावर ढकलल्याची घोषणा झाली. तासन्‌तास थांबलेल्यांपैकी काही जण मंचावर चढले, ध्वनियंत्रणेची मोडतोड झाली. पुढे कार्यक्रम रद्दच झाला आणि आयोजकांपैकी काहींना अटक झाली. त्यानंतर जे ऐकू आले ते ओळखीचे होते. उत्तरेकडच्या लोकांना मैफल ऐकायची लायकी नाही, दिल्लीवाले असेच, दक्षिणेत बघा कसे सुसंस्कृत लोक असतात. कारण दोनच दिवसांनी त्याच बँडचा, तीच गाणी, तोच आवाज असलेला कार्यक्रम बंगळुरूत सुरळीत पार पडला होता. पुढच्याच वर्षी स्लेयरही त्याच शहरात वाजवून गेला.

मग २०२५ मध्ये त्या ‘सुसंस्कृत’ शहरात ११ माणसे कशी मेली? आणि तीही मेटलच्या नव्हे, क्रिकेटच्या आनंदात? बंगळुरूच्या माणसांचा स्वभाव चौदा वर्षांत बदलला म्हणायचे का? २०११ मध्ये गुडगावात जे मोडले ते लोखंडी कठडे होते, दिल्लीकरांचा मेंदू नव्हे. २०२५ मध्ये जी फाटके वेळेत आणि नीट उघडली नाहीत ती बंगळुरूची होती. कठडा किती दाब सहन करू शकतो, फाटके किती, कोणते केव्हा उघडायचे, आत किती माणसे सोडायची, थांबवायचा अधिकार कुणाच्या हातात, घोषणा कोणी आणि कधी करायची, हे प्रश्न कंटाळवाणे आहेत. यांच्यावर भाषण होत नाही. पण माणसे जगतात किंवा मरतात ती यांवरच.

समाजशास्त्रात आम्हाला गर्दीबद्दल दोन जुनी नावे शिकवली जातात. गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ मध्ये मांडले की गर्दीत शिरलेला माणूस विवेक गमावतो, रानटी होतो. पॅरिसच्या कामगारांच्या उठावाने धास्तावलेल्या वर्गाला हे पटले आणि जगभरच्या सत्ताधाऱ्यांना सोयीचे वाटले. आपल्याकडच्या लाठीमारामागे आजही तेच तत्त्वज्ञान आहे. दुसरे नाव एमिल दुर्खीमचे. १९१२ च्या ग्रंथात त्याने सांगितले की माणसे एकत्र येतात तेव्हा त्यांच्यात एक उसळती सामूहिक ऊर्जा तयार होते, आणि समाज स्वतःला त्यातच ओळखतो. थ्रॅशच्या पिटमधून घामाने निथळत बाहेर आलेला, अनोळखी माणसाला मिठी मारणारा पोरगा दुर्खीमला लगेच कळला असता. अलीकडे इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातील जॉन ड्रुरी यांनी लंडनच्या २००५ च्या बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांशी बोलून दाखवले की संकटात अनोळखी माणसेही एकमेकांना मदत करतात, आणि ‘आपण एक आहोत’ ही भावना जितकी घट्ट तितकी मदत जास्त.

तरीही दोष देताना ल बाँच जिंकतो. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेत सिनसिनाटी येथे द हू या रॉक बँडच्या कार्यक्रमाआधी दारात चेंगरून ११ जण मेले. हजारो लोक बाहेर, दारे मोजकीच उघडलेली, आतून वाद्यांचा आवाज आला आणि कार्यक्रम सुरू झाला असे मागच्यांना वाटले. वर्तमानपत्रांनी पोरांना रानटी ठरवले. नॉरिस जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाने पोलिसांनी नोंदवलेले जबाब तपासले आणि १९८७ मध्ये लिहिले की तिथे निर्दय चढाओढ दिसत नाही. लोक शेवटपर्यंत एकमेकांना सोडवत होते, उचलत होते. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे ९७ फुटबॉलप्रेमी गेले. ते बहुतांश कामगारवर्गीय होते. दारूडे, हुल्लडबाज असा शिक्का पोलिसांनी आणि वृत्तपत्रांनी त्यांच्यावर मारला. मृतांच्या कुटुंबांनी लढा सोडला नाही आणि २०१६ मध्ये ज्युरीने सांगितले की प्रेक्षकांचा दोष नव्हता, या मृत्यूंना बेकायदा कृत्य जबाबदार आहे. सत्तावीस वर्षे लागली.

मेटलची बाजू घेताना मी ते निर्दोष असल्याचा दावा करत नाही. २०१० मध्ये प्राग शहरात लॅम्ब ऑफ गॉड या अमेरिकन मेटल बँडच्या कार्यक्रमात मंचावर चढलेला एक तरुण खाली पडला आणि नंतर दगावला. दोन वर्षांनी बँड परत गेला तेव्हा गायक रँडी ब्लाइदला विमानतळावरच अटक झाली. जामिनावर सुटून मायदेशी गेलेला हा माणूस खटल्यासाठी स्वतःहून परत आला. २०१३ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. नैतिक जबाबदारी त्याच्याकडे येते, पण मुख्य चूक आयोजक आणि सुरक्षाव्यवस्थेची, असे न्यायालयाचे मत होते. आपल्याकडे एखाद्या मोठ्या कलाकाराने किंवा नेत्याने असे स्वतःहून न्यायालयासमोर परत येणे कल्पनेत तरी येते का? २७ सप्टेंबर २०२५ ला तमिळनाडूत करूरला अभिनेता-नेता विजय याच्या सभेत ४१ माणसे गेली. लोक सकाळपासून उन्हात उभे होते, नेता कित्येक तास उशिरा आला. त्यानंतर सर्वाधिक चर्चा झाली ती कारस्थान कुणाचे होते याची.

बाईच्या नजरेतूनही हे बघायला हवे. पडलेल्याला उचलायचे हा नियम सुंदर आहे, पण गर्दीत अंगचटीला येणाऱ्या हातांबद्दल नियम कुठे आहे? मेटलच्या मैदानात मुली कमी दिसतात त्याचे हे एक कारण आहे, आणि आपल्या मिरवणुकांमध्ये आयाबाया डीजेच्या मागे दूर, वेगळ्या रांगेत चालतात त्याचेही. आणखी एक गोष्ट. भारतातली मेटलची मैफल तिकीट, इंग्रजी आणि महानगर या तीन कुंपणांच्या आत होते. तिथल्या पोराने शर्ट काढून नाच केला तर ती ‘एनर्जी’ असते. आमच्या वस्तीतल्या पोराने १४ एप्रिलला तेच केले तर तो ‘धिंगाणा’ असतो. हे बोलणारे फक्त बाहेरचे नसतात. नोकरी लागून वस्ती सोडलेले आपलेच लोकही नाक मुरडतात. डीजेच्या आवाजाबद्दल माझेही आक्षेप आहेत. आजारी माणसे, परीक्षा देणारी मुले, जयंतीच्या वर्गणीतला पैसा कशावर जावा, हे प्रश्न खरे आहेत. पण ते आवाजाचे आणि पैशाचे प्रश्न आहेत. नाचणाऱ्या शरीराची लाज वाटणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती कुठून येते हे आपल्याला माहीत आहे.

‘गर्दी’ आणि ‘श्रोते’ हे दोन शब्द आपण कुणासाठी वापरतो ते पाहा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. तासन्‌तास रांगेत उभे राहतात, शिवाजी पार्कवरून पुस्तके घेऊन घरी जातात. रांगा सांभाळणारे समता सैनिक दलाचे कार्यकर्ते आपल्यातलेच असतात. तरी त्याच आठवड्यात दादर कसे घाण झाले आणि लोक विनातिकीट कसे आले, याच्या पोस्ट फिरतात. चैत्यभूमीपासून फार दूर नसलेल्या एल्फिन्स्टन रोडच्या रेल्वे पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी ऑफिसला निघालेले २३ जण मेले. ते भक्त नव्हते, अनुयायी नव्हते, कुठले संगीतही वाजत नव्हते. अरुंद जिना आणि पाऊस, इतकेच होते. पूल रुंद करा, ही मागणी जुनी होती. माणसे मेल्यावर लष्कराने पाच महिन्यांत नवा पूल उभा करून दाखवला. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या पुरस्कार सोहळ्यात १४ जण उष्माघाताने गेले. तिथे मान्यवरांच्या डोक्यावर मांडव होता, खाली बसलेल्या लाखोंच्या डोक्यावर ऊन.

आणि नागपूर. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनाकडे निघालेल्या मोर्चात ११४ गोवारी आदिवासी चेंगरून मेले. त्यात बाया आणि लेकरे मोठ्या संख्येने होती. आपल्या हक्कासाठी ते आले होते. लाठीमार झाला आणि पुढे जायला वाट नव्हती. झीरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे. गर्दी व्यवस्थापनावर आज जे तज्ज्ञ वाहिन्यांवर बोलतात त्यांच्या यादीत हिल्सबरो असते, गोवारी नसतात.

बंगळुरूच्या घटनेनंतर कर्नाटक सरकारने पोलीस आयुक्तांना निलंबित केले, न्यायमूर्ती जॉन मायकल डिकुन्हा यांचा आयोग नेमला आणि गर्दी नियंत्रणाचे विधेयक आणले. परवानगीशिवाय कार्यक्रम घेणाऱ्या आयोजकांना तुरुंगवास आणि दंड अशी त्याची दिशा आहे. आयोजकांवर जबाबदारी हवीच. पण केवळ परवानगीवर उभा राहिलेला कायदा कुणाला अडवेल, याचा अंदाज आपल्याला अनुभवावरून बांधता येतो. चिन्नास्वामीवरचा सत्कार विनापरवाना पथनाट्य नव्हते. त्यात राज्याचे सत्ताधारी स्वतः सामील होते, विधानसौधाच्या पायऱ्यांवर त्याच दिवशी खेळाडूंचा सरकारी सत्कारही झाला. ज्यांच्या हातात परवानगी देणे आहे तेच यजमान असतील तर कागद कोण तपासणार? उलट १ जानेवारीला भीमा कोरेगावला येणाऱ्यांचे, किंवा एखाद्या तालुक्याच्या गावात जयंतीची मिरवणूक काढणाऱ्या मंडळाचे काय होते, ते ज्यांनी पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन चकरा मारल्या आहेत त्यांना विचारा. असे विधेयक उद्या महाराष्ट्रात आले तर त्यात ‘परवानगी कोण नाकारू शकतो’ याच्या आधी ‘जागा, पाणी, वाटा आणि रुग्णवाहिका कोण देणार’ हे लिहिले आहे का, हे आपल्या संघटनांनी पाहिले पाहिजे.

मोठ्या रॉक आणि मेटल मैदानांकडून तांत्रिक बाबतीत घेण्यासारखे बरेच आहे. २००० साली डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम या बँडच्या कार्यक्रमात मंचासमोरच्या दाबात नऊ जण गेले. पाऊस होता, जमीन निसरडी होती, आणि गायक लोकांना मागे सरकायला सांगत होता. त्यानंतर त्या महोत्सवाने मंचासमोरच्या भागाची रचनाच बदलली. आज अशा ठिकाणी पुढचा जमाव कठड्यांनी वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेला असतो, म्हणजे मागच्या पन्नास हजारांचा दाब पुढच्या रांगेवर येत नाही. कठडा आणि मंच यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत प्रशिक्षित माणसे लोकांकडे तोंड करून उभी असतात, मंचाकडे नाही. गुदमरलेल्याला ते वरून ओढून बाहेर काढतात, पाण्याचे पेले पुढे देत राहतात. आणि कार्यक्रम थांबवायचा अधिकार कुणाकडे आहे ते आधी ठरलेले असते, मग मंचावर कितीही मोठा तारा असो.

यातले काहीच फार महागडे नाही. आपल्याकडे हजारो स्वयंसेवक आधीच आहेत. त्यांना दर चौरस मीटरला किती माणसे झाली हे नजरेने ओळखायला शिकवणे दोन दिवसांचे काम आहे. लाल झालेले, वर उचललेले चेहरे आणि हात छातीशी अडकलेली माणसे दिसली की मागचा प्रवाह थांबवायचा, पुढच्यांना ‘सरका’ म्हणून ओरडायचे नाही, कारण त्यांना सरकायला जागाच नसते. येण्याची आणि जाण्याची वाट एकच नको. बायकांच्या रांगेवर बायका स्वयंसेवक हव्यात. मिरवणुकीतल्या गाडीवर ध्वनिक्षेपक ज्याच्या हातात आहे त्याला मागच्या चौकातल्या कार्यकर्त्याचा फोन आला की गाणे बंद करायचा हुकूम पाळावा लागेल, असे मंडळाच्या बैठकीत आधीच ठरवून त्या माणसाचे नाव इतिवृत्तात लिहून ठेवावे. पोलीस ठाण्यात अर्ज देताना मार्गाच्या नकाशावर प्रत्येक अरुंद ठिकाणाची रुंदी मीटरमध्ये नोंदवावी, पाण्याची आणि रुग्णवाहिकेची लेखी मागणी महापालिकेकडे वेगळी करावी आणि दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या जपून ठेवाव्यात.